बोर्डाच्या आतलं नाव

देवराव वायरमन आमच्या घरी आले की कधी बेल वाजवत नसत. फाटक लोटून आत यायचे आणि थेट मीटरपुढे जाऊन उभे राहायचे. हात मागे बांधलेले, मान जराशी वाकडी, आणि नजर मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्यावर. दोन-तीन मिनिटं तसंच बघत राहिल्यावर मग हाक यायची, "गुरुजी, घरात काय चालू हाय?"

पहिल्यांदा आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "काहीच नाही. तुम्ही येणार म्हणून सगळं बंद करून ठेवलंय."

"मीटर न्हाई म्हणतंय," देवराव म्हणाले.

मला रागच आला. उभा जन्म पोरांना गणित शिकवण्यात गेला, आणि माझ्याच अंगणात उभा राहून हा माणूस एका डबड्याच्या साक्षीवर मला खोटं पाडत होता. "या, दाखवतो," म्हणून मी त्यांना घरभर फिरवलं. पंखे बंद, दिवे बंद, फ्रीजची पिनसुद्धा काढलेली. शेवटी न्हाणीघर आलं. तिथे गिझरचा दिवा पेटलेला होता. सकाळी आंघोळ माझीच शेवटची झाली होती. देवरावांनी गिझर बंद केला, परत मीटरपाशी गेले, तांबडा दिवा थांबल्याची खात्री करून घेतली आणि मगच कामाची पिशवी खाली ठेवली.

अंगानं काटक, वय पन्नाशीच्या पुढचं, खाकी शर्ट, कानावर सुताराची असते तशी जाड पेन्सिल. खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी आणि तिच्यात स्वतःची पाण्याची बाटली. आमची ही पाणी विचारायला गेली की म्हणायचे, "पाणी हाय, वैनी." मला वाटे, माणूस संशयी आहे, कोणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांनी हिला सांगितलं की तरुणपणी एका घरी वायरिंग करताना पाणी मागितलं, तर बाईनं वरून ओंजळीत ओतलं होतं. तेव्हापासून बाटली. आमच्याकडे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ते पाणी घ्यायला लागले. त्यासाठी आम्ही काही केलं होतं असं नाही. त्यांनी आपली आमची परीक्षा घेतली असेल आणि आम्ही पास झालो असू.

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. वायर विकणाऱ्यावर नव्हता, वायरच्या गुंडाळीवरच्या छापावर नव्हता, आधीच्या वायरमनवर तर मुळीच नव्हता. फार काय, हातातल्या टेस्टरवरसुद्धा नव्हता. टेस्टर पेटला तरी ते पिशवीतून एक होल्डर काढायचे. त्याला दोन वायरी आणि एक साधा बल्ब. "टेस्टरनं हो म्हणलं म्हणून हो न्हाई, गुरुजी. टेस्टर जराशा करंटवर बी पेटतो. बल्ब पेटला तर खरं. लोड आल्याबिगर कशाचंच खरं कळत न्हाई." हे ते वायरीबद्दल बोलत, आणि बोलता बोलता माणसांवर जात. "सोयऱ्याधायऱ्याचं बी तसंच. लग्नात समदेच पेटत्यात."

आमचं घर औंढ्याला, देवळापासून थोडं बाजूला. मी निवृत्त झाल्यावर वर दोन खोल्या चढवल्या, त्यांचं सगळं वायरिंग देवरावांनीच केलं. काम संपलं आणि वरच्या खोलीतल्या बोर्डाचं झाकण लावायच्या आधी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला नाव लिहिलं, देवराव, आणि खाली तारीख. अक्षर शाळेतल्या चौथीच्या पोरासारखं, पण ठसठशीत. मी विचारलं, "हे कशाला? आत कोण बघणार आहे?"

"जो पुढं कवा खोलल, तो बघल," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. उमेदीत ते ठेकेदाराकडे लाइनीच्या कामावर होते. एका खांबावरचा सांधा कोणीतरी कच्चा सोडला होता, आणि त्यांच्या सोबतचा माणूस त्या खांबावर गेला तो जिवंत खाली आला नाही. चौकशी झाली. सांधा कोणी केला, हे कोणीच कबूल केलं नाही. ठेकेदार म्हणाला, मेलेल्यानंच केला असेल. "तवापासून लिवतो, गुरुजी. काम चांगलं असू द्या न्हाईतर वाईट, कोणाचं ते लिवलेलं पायजे."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे. संशयी मीही होतो. शाळेत माझी ख्याती कॉपी पकडण्याबद्दल होती. पोरगं परीक्षेच्या वर्गात पाऊल टाकतं तेवढ्यात त्याच्या बाहीत काय आहे ते मला कळतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगत असे. चाळिसात एक चिठ्ठी सापडली की उरलेल्या एकोणचाळिसांकडेही मी चोर म्हणूनच बघायचो. देवरावांचा संशय आणि माझा संशय यांत फरक होता, पण तो मला फार उशिरा कळला. ते संशय आला की तपासून बघत. मला संशय आला की माझं काम तिथेच संपायचं.

वरच्या खोल्या मी प्रतीक नावाच्या तरुणाला भाड्यानं दिल्या. गोरागोमटा, चष्मेवाला, दारात दिसलो की वाकून नमस्कार करणारा. विजेचं बिल माझं मी भरीन, म्हणाला. काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, केशराचा प्रयोग करतोय. बंद खोलीत काश्मीरची हवा तयार करायची. मात्र दार सारखं उघडलं तर रोपं मरतात." झालं. औंढ्यात केशर, तेही माझ्या घरात, म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली. देवळापाशी चहाला बसलो की मी लोकांना केशराची शेती समजावून सांगत असे. ज्याच्या बाहीत खरोखर चिठ्ठी होती त्याला मी तपासलंच नाही, कारण तो मला काका म्हणत होता.

श्रावण लागला आणि घरात एक वास यायला लागला. उग्र, ओलसर, जरा गोडसर. औंढ्याच्या नाकाला तो वास नवा नाही. श्रावणी सोमवारी देवळाच्या आसपास बैरागी उतरतात, त्यांच्या चिलमी पेटतात, आणि वारा आमच्या बाजूला असला की घरात धूर येतो. आम्ही दोघांनी खिडक्या लावून घेतल्या आणि म्हटलं, महिनाभर सोसायचं. गावात कोणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं.

त्याच सुमारास संध्याकाळी घरातले दिवे मंदावायला लागले. ही देव्हाऱ्यात निरांजन लावायची आणि त्याच वेळी ट्यूब एकदा डोळा मिटल्यासारखी मिटायची. मी वीज मंडळाला शिव्या देऊन मोकळा झालो. मग गणपती उठल्यानंतर एके सकाळी स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर मिक्सर फिरेना. माझ्याकडे एक टेस्टर होता. तो लावून बघितला, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला. दोन्हीकडे वीज आहे आणि मिक्सर ढिम्म. गणित काही सुटेना, म्हणून देवरावांना बोलावलं.

ते आले, मीटरपाशी उभे राहिले. यावेळी दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं. घरात आले ते नाक वर करूनच. सॉकेट बघितलं, मला फ्रीज बंद करायला लावला, आणि परत टेस्टर लावला. आता एकाच भोकात पेटत होता. "दुसऱ्या भोकातला करंट तुमच्या फ्रीजमधून फिरून येऊन राहिला होता," ते म्हणाले. "आला तो, पण जायाला वाट न्हाई. न्यूट्रल, परतीची वायर, तुटला." मेन बोर्ड उघडला तर खरंच स्वयंपाकघर आणि वरच्या खोल्यांच्या न्यूट्रलचा सांधा काळा पडला होता आणि वायरवरचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलं होतं.

"हे मिक्सरचं काम न्हाई, गुरुजी. ह्या सांध्यावरून वर काहीतरी लई मोठं चालू हाय."

"केशर आहे," मी म्हणालो.

देवरावांनी परत नाक वर केलं. मग त्यांनी विचारलं, "श्रावण कवा संपला?"

"संपून महिना होत आला."

"मंग साधू गेले, वास काहून राहिला?"

सांधा नवा करून देवराव गेले, पण त्या संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. ओसरीत खुर्ची टाकून हातातल्या घड्याळाकडे बघत बसायचे. तिन्ही दिवस सहा वाजून दहा मिनिटांनी ट्यूब मंदावली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. "माणूस रोज त्याच मिंटाला बटन दाबत न्हाई, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "हे घड्याळ दाबून राहिलं. संध्याकाळी चालू, सकाळी सहा-दहाला बंद. मी सकाळी बी रस्त्यावर उभं राहून बघितलं. खिडकीला काळा कागद लावला हाय, पण खालच्या फटीतून जांभळा उजेड दिसतो. केशराचं मला माहीत न्हाई. पण ह्या वासाचं माहीत हाय. वर गांजा लावला हाय."

पण मी मास्तर. मी म्हणालो, "पुरावा काय?"

"बल्ब लावून बघा की. दार उघडाया लावा. तुमी घरमालक. न्हाईतर ठाण्यात जाऊन सांगा."

"तुम्हीच का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर आधी मलाच बसवतील," देवराव म्हणाले. "आन् वरच्या बोर्डात माझं नाव हाय, गुरुजी. माझ्या बोर्डातून हे चाललंय, ते मला सोसत न्हाई. लवकर करा."

मी म्हणालो, बघू. 'बघू' हा शब्द मी नोकरीभर वापरला आहे. त्याचा अर्थ काहीच करायचं नाही असा होतो, हे देवरावांनाही माहीत होतं.

आणि मग माझं डोकं भलतीकडेच चालायला लागलं. पोरगा शांत आहे, वेळेवर भाडं देतो, वाकून नमस्कार करतो. त्याच्यावर एवढा डोळा कशाला? वायरमन लोक काम काढतातच. आज सांधा जळला म्हणतील, उद्या सगळं वायरिंग बदला म्हणतील. हिला मी तसं बोलून दाखवलं. ही म्हणाली, "देवरावांनी आजवर कधी बिनकामाचं काम काढलं का? उगं काही बोलू नका. वर जाऊन बघा." पण वर जायचं म्हणजे गुडघे दुखतात, असं मी तिला सांगितलं. गुडघे दुखत होते, ते खोटं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी बाजारातून येत होतो, तर देवराव आमच्या जिन्यावरून उतरताना दिसले. मागे प्रतीक होता. त्याचा हात देवरावांच्या खांद्यावर होता आणि तो हसत होता. मला बघितल्यावर देवराव काहीतरी सांगायला थांबले, पण मी मान फिरवून घरात गेलो. आता माझी खात्रीच पटली. दोघांचं साटंलोटं आहे. हाच त्याला वायरिंग करून देत असणार, आणि वाटा कमी पडला म्हणून माझ्याकडे चहाडी करत असणार. खरं काय ते पुढे कळलं. अर्थिंग तपासायच्या निमित्तानं देवराव वर गेले होते. प्रतीकनं त्यांना दारातच थांबवलं, आणि मीटरला वळसा घालून थेट खांबावरून वायर ओढून द्या, म्हणून गळ घातली. त्यांनी नाही म्हटलं. तरी तो हसत हसत त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आला होता. मी विचारलं असतं तर हे सगळं मला त्याच दिवशी फाटकातच कळलं असतं.

आणखी चार दिवस गेले. त्या संध्याकाळी सहा-दहाला ट्यूब मंदावली ती परत उजळलीच नाही. वरून तडतड आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला. खिडकीतून काळा धूर बाहेर येत होता. मी अंगणात उभा राहून "पाणी, पाणी" ओरडायला लागलो. हिनं माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली, "विजेवर पाणी टाकता का?" म्हणाली, आणि देवरावांना फोन लावला. ते जवळच कुठेतरी कामावर होते. पाच मिनिटांत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते मीटरपाशी उभे राहून बघत बसले नाहीत. मेन खाली ओढला, अंगणात बांधकामाची वाळू होती तिची दोन घमेली भरून घेतली आणि वर गेले. लाथ मारून दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. प्रतीक घरात नव्हताच, तो दुपारपासून कुठेतरी गेला होता आणि मग आलाच नाही.

आग विझली. देवराव गेले नसते तर घर गेलं असतं, आणि शेजारचं गॅस सिलिंडरांनी भरलेलं दुकानही गेलं असतं. पण गर्दी जमली होती, कोणीतरी फोन केला होता, आणि पोलिसांची जीप आली. हिला मी धुराचा त्रास होतो म्हणून समोरच्या घरी पाठवलं होतं. जमादार वर गेले, त्यांच्या मागून मी. खोलीत कमरेएवढी झाडं कुंड्यांतून ओळीनं उभी होती, काही करपलेली, काही हिरवीगार. भिंतींना चकचकीत चंदेरी कागद, वर लोंबणारे दिवे, पंखे. साध्या पाच ॲम्पिअरच्या सॉकेटला एक एक्सटेन्शन लावून त्यावर सगळा संसार चढवला होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, काजळलेल्या हातांनी, देवराव उभे होते.

जमादारांनी अर्धवट वितळलेल्या बोर्डाचं झाकण ओढून काढलं. झाकण पालथं केलं आणि आतलं वाचलं. "देवराव कोण?"

"मी," देवराव म्हणाले. "बोर्ड माझं हाय. हे बाकीचं माझं न्हाई."

"असं व्हय?" जमादार हसले. त्यांनी नाव परत एकदा वाचलं, मग आडनाव विचारलं, कोणत्या वस्तीत राहतो ते विचारलं. उत्तरं ऐकल्यावर त्यांचा आवाज चढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, हा तुमचा माणूस हाय का? तुमी बोलावलं का याला?"

प्रश्न अगदी सोपा होता. मी म्हणायला हवं होतं, व्हय, आमचा माणूस आहे, आमच्याच घरून फोन गेला म्हणून तो आला, आणि त्यानंच माझं घर वाचवलं. एवढी तीन वाक्यं. पण घर माझं, गांजा माझ्या घरात, पेन्शन माझं, आणि जमादारांच्या हातात कागद-पेन. शिवाय तो जिन्यावरचा खांद्यावर हात अजून डोक्यात होताच. माझ्या तोंडून निघालं, "तसं नाही... गावातला वायरमन आहे. येतो-जातो. वर कधी जात होता, मला काय माहीत?"

देवरावांनी माझ्याकडे बघितलं. हात मागे, मान जराशी वाकडी. मीटरपुढे उभे राहायचे तसे उभे होते. पोलीस त्यांना खाली घेऊन गेले, आणि झाकणही पुरावा म्हणून गोणपाटात बांधून नेलं.

ही परत आली तेव्हा जीप निघून गेली होती. "देवराव कुठायत?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "त्यांला मी बोलावलं, हे तुमी सांगितलं न्हाई?" मी मान खाली घातली. "लेकरांच्या चिठ्ठ्या धरल्या जन्मभर," ती म्हणाली, "आन् आज स्वतःचा पेपर कोरा ठेवून आलात." त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती. ठाण्यात तिनंच सगळं सांगितलं. फोन मी केला, फोनमध्ये वेळ आहे, बघा. हा माणूस आठ दिवसांपासून आमच्या मालकांना सांगत होता, बघा. मालकांनी ऐकलं नाही. मी शेजारी बसून प्रत्येक वाक्याला "हो" म्हटलं आणि सही केली. देवरावांना त्या संध्याकाळी सोडलं. पुढे प्रतीकही सापडला आणि त्यानं वायरमनचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं. पण तोवर गावात एवढंच पोहोचलं होतं, की गांजाच्या खोलीत देवरावाचं नाव सापडलं. सुटल्याची बातमी कोणी कोणाला सांगत नाही. ज्या माणसाला लोक किल्ल्या देऊन शेतावर जायचे, त्याला आता कोणी घरात घेईना. चार-पाच महिने ते हट्ट्याला पाहुण्यांकडे राहून तिकडच्या गावांत काम करत होते.

ते परत आले असं कळल्यावर आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एक उघडलेला पंखा, आणि देवराव त्याची वाइंडिंग तपासत बसलेले. मी माफी मागितली. वर्गात कधी मागितली नव्हती, त्यामुळे ती मला नीट मागताही आली नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"संशय आमाला नवा न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "आमच्यावर तो आधी येतो, चौकशी मागून. पोलिसाचं मला वाईट वाटलं न्हाई. तुमी बी संशय घ्या, मी बी घेतो. पण टेस्टर तरी लावायचा होता."

मग त्यांनीच विचारलं, "वरच्या बोर्डाचं काय केलं?" तिथे तारा तशाच लोंबत होत्या, मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. "उद्या येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले. आधी मीटर. मग वर. दिवसभर बसून त्यांनी नवा बोर्ड बसवला, जुन्या जळक्या वायरी ओढून नव्या घातल्या, होल्डरातला बल्ब प्रत्येक सॉकेटला लावून बघितला. हिनं पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी घेतला आणि सगळा प्यायले. मला हायसं वाटलं. मग झाकण लावायची वेळ आली. मी मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी झाकण हातात घेतलं, आतल्या बाजूवरची धूळ फडक्यानं पुसली, क्षणभर तसंच धरलं. पेन्सिल कानावरच होती. मग त्यांनी झाकण बसवलं आणि चारही स्क्रू पिळले. पाणी हिनं दिलं होतं. नाव माझ्या घरात लिहायचं होतं.

मी तेव्हाही काही म्हणालो नाही. तुम्ही नाव लिहा, असं सांगायचा मला काय अधिकार होता? त्यानंतरही ते आमच्याकडे कामाला येत राहिले, मीटरपुढे उभे राहत राहिले, "घरात काय चालू हाय?" विचारत राहिले. हळूहळू गावातली कामंही परत सुरू झाली. पण मी मनाला एक खोटी आशा लावून ठेवली होती, की मी खाली गेल्यावर, माझी पाठ वळल्यावर, त्यांनी झाकण परत काढून नाव लिहिलं असेल. चार स्क्रू काढले की कळलं असतं. मी काढले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात देवरावांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. मी अंत्ययात्रेला गेलो. तिथे एकेक जण सांगत होता, आमच्या बोर्डात त्यांचं नाव आहे, आमच्या पिठाच्या गिरणीत आहे, आमच्या विहिरीवरच्या पेटीत आहे. ज्यांनी त्यांना पाच महिने दारात उभं केलं नव्हतं, तेही हे अभिमानानं सांगत होते.

परवा इन्व्हर्टरची लाइन वर न्यायची होती. नवा वायरमन आला, परभणीकडचा, तिशी-पस्तिशीचा गृहस्थ. त्यानं वरच्या बोर्डाचे स्क्रू काढले आणि आत बघून थांबला. "गुरुजी, हे कोणी केलं? एक सांधा ढिला न्हाई. असं काम आता कोणी करत न्हाई. तुमच्या वळखीचे होते का?"

"व्हय," मी म्हणालो. "देवराव. आमचा माणूस."

मी त्याच्या हातातून झाकण घेतलं आणि पालथं केलं. आतली बाजू स्वच्छ, पांढरी, कोरी होती. मी त्याला पेन्सिल मागितली. वर देवरावांचं नाव लिहिलं आणि हा बोर्ड बसवल्याची तारीख टाकली. मग त्याच्या खाली माझं नाव लिहिलं आणि त्यापुढे आगीच्या दिवसाची तारीख टाकली.

वायरमननं वाचून विचारलं, "ह्यात तुमचं काय काम, गुरुजी?"

"आहे," मी म्हणालो. "लाव झाकण."